श्रीखंडासाठी वेलची पूड: पाकिटातली घ्यावी की घरी करावी?

सई_ठाणे
पाडव्याला घरीच चक्का बांधून श्रीखंड करायचंय, साधारण दीड किलो चक्का होईल. मागच्या खेपेला पाकिटातली वेलची पूड घातली. वास येईना म्हणून आणखी घातली, तर श्रीखंड करडं दिसायला लागलं आणि जिभेला चोथा जाणवला. या वेळी पूड घरी करावी म्हणते. पण वेलची सालासकट दळायची की सोलून? आधी भाजायची का? मिक्सरच्या छोट्या भांड्यात दाणे नुसते गरगर फिरतात, बारीक होत नाहीत. आणि दीड किलोला किती घालू?

गूळपोळी
आमच्याकडे सालासकटच करतात. तवा गरम करून गॅस बंद करायचा, त्यावर वेलची टाकायची, कुरकुरीत झाली की साखर घालून मिक्सरला. मग चाळायची. बेसनाच्या लाडवांना छान लागते.

उमा_सांगली
सई, सोलूनच कर. लाडवांत साल खपून जातं, श्रीखंडात नाही. मी सणावारी पुरणपोळ्यांच्या आणि श्रीखंडाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे वेलची माझ्या हातात रोजची. सुगंधाचं तेल जवळजवळ सगळं दाण्यांत असतं. सालात म्हणण्यासारखं काही नाही, ते नुसतं वजन वाढवतं. तुला लागलेला चोथा आणि करडा रंग सालाचाच असणार.

दाणे फिरत राहतात त्यावर उपाय साखर. श्रीखंडात जाणारीच दोन-तीन चमचे साखर दाण्यांबरोबर घाल. साखरेच्या कडांनी दाणे फुटतात आणि सुटलेलं तेल भांड्याला न लागता साखरेत मुरतं. थांबत थांबत फिरव, भांडं तापू देऊ नकोस. थोडीच करायची असेल तर खलबत्ता सगळ्यात उत्तम, त्यातही चिमूटभर साखर घालायची.

भाजण्याची गरज नाही. दाणे सादळले असतील तर गूळपोळी म्हणतात तसं कोमट तव्यावर क्षणभर ठेव, पण वास घरभर सुटेपर्यंत नको. घरात दरवळला तो वास श्रीखंडातून गेला.

प्रमाण सांगते. पंधरा-वीस चांगल्या भरलेल्या वेलच्या सोलल्या की चहाचा एक चमचा पूड होते (साखर न धरता). दीड किलो चक्क्याला दीड चमचा पुष्कळ झाली. आदल्या रात्रीच साखरेबरोबर चक्क्यात फेटून झाकून फ्रीजमध्ये ठेव. थंड पदार्थात वेलची मुरायला वेळ लागतो, लगेच चाखलंस तर कमी वाटेल आणि हात पुन्हा डब्याकडे जाईल. पुरणाचं उलट: पुरण शिजून गॅसवरून उतरलं की मगच घालायची, नाहीतर वाफेबरोबर निघून जाते.

सालं टाकू नकोस गं. चहाच्या पत्तीच्या डब्यात टाक.

मसालेवाला_नाशिक
उमाताईंशी सहमत. दुकानदार म्हणून थोडी भर घालतो. आपल्याकडची बरीचशी हिरवी वेलची केरळच्या इडुक्कीच्या डोंगरातली. तिचे लिलाव तिथे पुट्टडीला आणि पलीकडे तमिळनाडूत बोडीनायकनूरला होतात. भाव आकारावर ठरतो, ८ मिमीची वेलची सगळ्यात महाग. पण तो मान दिसण्याचा आहे. पूड करायची तर मधल्या आकाराची घ्या, फक्त आतून भरलेली हवी. एक फोडून बघा: दाणे काळपट आणि बोटाला किंचित चिकट लागले तर माल ताजा. करडे, सुके, सुटे दाणे निघाले तर ठेवून द्या. तेल काढून घेतलेली वेलचीही बाजारात मिसळली जाते, ती सुरकुतलेली असते आणि चावली तर चव लागत नाही. फारच पोपटी दिसली तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा.

आणि पूड साठवून ठेवू नका. अख्खी वेलची घट्ट डब्यात वर्षभर चांगली राहते, दळली की दिवसागणिक उतरते.

गूळपोळी
लाडवांपुरतं माझं मत कायम 🙂 पण श्रीखंडाला या वेळी सोलून बघते.

सई_ठाणे
उमाताई, खूप आभार! मधल्या आकाराची आणून सोलायला बसते. एक राहिलंच, जायफळ पण घालू का? केशर आहे घरात.

उमा_सांगली
केशर घालणार असशील तर जायफळ नको. तिन्ही एकत्र आले की वेलची मागे पडते. केशर चमचाभर कोमट दुधात भिजव, आणि वेलचीची साखर चक्क्यात एकजीव झाल्यावर शेवटी घाल. जायफळ पुरणासाठी राखून ठेव, तिथे ते हवंच.