प्रिसिजन मेडिसिन : अचूक, नेमकं की काटेतोल?

(मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्या चौघांची चर्चा, टोपणनावांनी.)

खर्डा : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाच्या भाषांतरात एक वाक्य अडलंय. मूळ इंग्रजी मजकूर 'प्रिसिजन मेडिसिन'मधलं रेडिऑलॉजीचं (एक्स-रे, सीटी अशा तपासण्यांचं) काम सांगतो. पहिल्या खर्ड्यात 'अचूक औषध' होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'व्यक्तिनिष्ठ वैद्यक' केलं. दोन्ही खटकतात. 'डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन'लाही शब्द हवाय.

करडी छटा : 'व्यक्तिनिष्ठ' आधी काढा! तो वस्तुनिष्ठच्या उलट, म्हणजे बघणाऱ्यागणिक बदलणारा. एकाच गाठीची दोन डॉक्टरांनी दोन मापं दिली तर त्याला व्यक्तिनिष्ठ म्हणतात, आणि इथे नेमकं तेच टाळायचंय. इंग्रजीत आधी 'पर्सनलाइज्ड' चालायचा. त्यातून प्रत्येकासाठी वेगळं औषध घडवतात असा गैरसमज होतो, म्हणून अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०११च्या अहवालात 'प्रिसिजन' पसंत केला. प्रत्यक्षात रुग्णांचे बारीक गट पाडतात, आणि त्या गटाला लागू पडेल तो उपचार देतात. 'औषध'ही नको, 'उपचार' म्हणा. माझं मत 'नेमके उपचार'.

तोलकाटा : नेमका हा 'नेम'वरून आला. नेम लागला म्हणजे निशाण साधलं, ती झाली अॅक्युरसी. अचूकही तेच, चूक नसलेलं. प्रिसिजन म्हणजे पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर येणं. तराजूचा शून्य सरकलेला असला तरी काटा दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर तराजू प्रिसाइज आहे, अॅक्युरेट नाही. म्हणून 'काटेतोल'.

फुप्फुसातली ६ मिमीची गाठ घ्या. पुढच्या सीटीत कॅलिपरची (पडद्यावर माप घ्यायच्या खुणांची) टोकं जराशी सरकली आणि माप ७ आलं. व्यासात १७ टक्के फरक, पण आकारमानात जवळपास ५९ टक्के! व्यास २६ टक्के वाढला की आकारमान दुप्पट होतं. म्हणून रेसिस्ट १.१ मध्ये (कर्करोगाच्या गाठी उपचाराने घटल्या की वाढल्या हे ठरवायचे नियम) आजार वाढला म्हणायला व्यासांची बेरीज आधीच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के वाढणं पुरत नाही, ती वाढ किमान ५ मिमीची असावी लागते. (नवी गाठ दिसली तर गोष्ट वेगळी.) एकदा १ मिमीचे काप आणि एकदा ५ मिमीचे, अशी तुलनाही करू नये. जाड कापात गाठीची कड आसपासच्या हवेत मिसळते.

रूढवादी : काटेतोल वाण्याच्या दुकानात शोभतो. रुग्णाला 'प्रिसिजन मेडिसिन'च लिहा, आणि खाली एका ओळीत अर्थ द्या. लोक 'छातीचा फोटो काढला' म्हणतात आणि कुणाचं अडत नाही.

तोलकाटा : वाण्याचा काटा सगळ्यांना कळतो, हाच तर त्याचा गुण. 'क्ष-किरण' रुजला ना? रंटगेनने १८९५मध्ये अज्ञात म्हणून एक्स हे अक्षर दिलं, आपण बीजगणितातला क्ष दिला. शब्द घडवले तर रुजतात.

रूढवादी : पाठ्यपुस्तकात रुजला. बोलण्यात एक्स-रेच.

करडी छटा : ट्रान्स्फॉर्मेशनला 'अंकीकरण' कुणी सुचवू नका. एक्स-रेच्या सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) कॅसेटमधली फॉस्फरची प्लेट रीडरमध्ये घातली, लेझरने तिच्यातला उजेड मोकळा केला आणि त्याचे आकडे केले, हे झालं अंकीकरण. कायापालट तेव्हा, जेव्हा जुनी तपासणी आपोआप शेजारी उघडते आणि गाठीचं माप परिच्छेदात न हरवता रिपोर्टच्या ठराविक रकान्यात बसतं. पॅक्स (तपासण्यांच्या प्रतिमा साठवायची आणि बघायची संगणक प्रणाली) बसवूनही प्रतिमेचा स्क्रीनशॉट फोनवर धाडला, तर १२ बिटच्या ४०९६ छटांच्या २५६ उरतात, मिमीचं प्रमाण गळून पडतं आणि विंडोही गोठते.

खर्डा : 'डिजिटल कायापालट' छान. पण ही 'विंडो' माहितीपत्रकातही आहे. खिडकी?

करडी छटा : खिडकीतून सगळं दिसतं असं वाटतं, इथे उलट आहे. सीटी प्रत्येक ठिपक्याला घनतेनुसार आकडा देतं : पाणी ०, हवा उणे १०००. मेंदूसाठी विंडोची रुंदी ८० आणि मध्य ४० ठेवला, तर ० ते ८० एवढेच आकडे करड्या छटांत दिसतात. खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. 'छटापट्टा' म्हणा.

रूढवादी : विंडोच राहू द्या.

तोलकाटा : 'पट्टा' मोजायचाही असतो, घोटाळा होईल. 'छटामर्यादा' कसा वाटतो?