मदत हवी आहे: टच-अप केलेल्या बॉनेटवर पीपीएफ (रंग वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) लावावी का?

गाडी काळी आहे, रोज हायवेवर डंपरच्या मागे चालते त्यामुळे बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरवर खडीचे बारीक टवके उडालेत, दोन-तीन ठिकाणी तर आतला प्रायमर दिसतोय. गंज नाही अजून. सिरॅमिक कोटिंग सुचवू नका प्लीज, ते आधीच केलंय, पण काही मायक्रॉनचा थर दगड कसा थांबवणार!

टवक्यांवर टच-अप पेन मारून हलकं पॉलिश केलंय, तरी बोट फिरवलं की खड्डा लागतोच. आता १५०-२०० मायक्रॉनची टीपीयू (लवचिक प्लास्टिक) पीपीएफ फिल्म लावायचा विचार आहे, फक्त बॉनेट, बंपर आणि आरसे, पूर्ण गाडीचं बजेट नाही. बॉनेट अर्धंच केलं तर मधल्या रेषेत मळ साचून काळ्या रंगावर ती उठून दिसेल म्हणून ते नको. बंपर मात्र आधी एकदा रिपेंट झालाय.

ज्यांनी स्वतः लावून घेतलीय त्यांनी सांगा, टच-अपचे खड्डे फिल्मखाली दिसतात का, कोटिंग आधी पूर्ण काढावं लागतं का, आणि पुढे फिल्म काढताना रिपेंट केलेल्या बंपरचा रंग सोबत निघून येतो का?