आईचा गुडघा बदलायचा आहे, दवाखाना कशावरून ठरवावा? (मदत हवी आहे)

राळेगाव तालुक्यात राहतो. आईचं वय ६३. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. गेल्या हंगामात पऱ्हाटी वेचता वेचता दुपारी धुऱ्यावर बसली, ती उठेचना. मी अन् बायकोनं बगलेत हात घालून उभं केलं. तेव्हाच ठरवलं, आता ऑपरेशन करायचंच.

नागपुरात एका गुडघ्याचे २ लाख ४० हजार सांगितले, वर्ध्याकडे १ लाख ६० हजार. इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा, दोन्हीकडे कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचाच. २०१७ मध्ये सरकारनं त्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा तो ५४,७२० रुपयांवर आला होता. मग नागपुरात वरचे ८० हजार कशाचे? विचारलं तर काउंटरवर एसी खोलीचे फोटो दाखवले.

मला खोली नको. वर्षाला किती गुडघे बदलता, किती जणांना इन्फेक्शन झालं, किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं, हे हवं होतं. दोन्हीकडे एकच उत्तर, "शंभर टक्के यश." आईला दीड किलोमीटरवरच्या वावरात जाऊन येता आलं, रात्री झोप लागली, तर मी यश म्हणीन.

उकिडवं बसायचं नाही, असं दोघांनीही सांगितलं. म्हणजे निंदण गेलं, कमोडचा संडास बांधणं आलं. फिजिओसाठी दर खेपेला गाडीभाडं, वर बायकोची मजुरी बुडणार. हे कोणत्याच अंदाजपत्रकात नाही.

ज्यांच्या घरी ऑपरेशनला वर्ष झालं, त्यांनी सांगा: आता किती चालणं होतं? शेवटी सगळं धरून किती लागले? महात्मा फुले योजनेतून कोणी करून घेतलं का?

प्रतिसाद १:
भाऊ, मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' म्हणून १२ प्रश्न असतात: रात्रीचं दुखणं, जिना, खुर्चीतून उठणं, लंगडणं वगैरे. गुण ० ते ४८, जास्त तितका गुडघा चांगला. काकूंचे आजच काढून ठेवा, सहा महिन्यांनी अन् वर्षानं पुन्हा काढा. दोन्ही डॉक्टरांना विचारा, तुम्ही पेशंटचे असे गुण ठेवता का? स्वीडनमध्ये १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंद ठेवतात, कोणता परत उघडावा लागला तेही. आपल्याकडे निदान स्वतःच्या पेशंटची वही दाखवणाऱ्या डॉक्टरकडे मी तरी आधी जाईन.

अन् कमोड ऑपरेशनच्या आधी बसवून घ्या. काकू घरी आल्या की पहिल्याच सकाळी लागेल.