सिनियरचं म्हणणं रोज बदलतं, ऑटिस्टिक माणसाने कसं निभवायचं?

कोरडा_कागद:
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं. ऑफिसमध्ये एचआरमधली एक व्यक्ती सोडली तर कोणाला माहीत नाही. माझं काम रिपोर्ट बनवायचं आणि ते मला मनापासून आवडतं, कामाची अडचण नाहीच. अडचण आहे एका सिनियर मॅडमची. त्या माझ्या बॉस नाहीत पण माझं सगळं काम त्यांच्या नजरेखालून पुढे जातं.

उदाहरण देतो. रिपोर्टमध्ये प्रत्येक विभागाखाली उपबेरीज टाक म्हणाल्या, टाकली. मग दोनच दिवसांनी "हे मध्ये मध्ये बेरजा घालायला कोणी सांगितलं, वाचताना लिंक तुटते". काढल्या. नंतर मीटिंगमध्ये मॅनेजरसमोर "अरे उपबेरजा कुठायत, आपलं बोलणं झालं होतं ना?" मी गप्प. कारण बोलणं खरंच झालं होतं, दोन्ही प्रकारचं झालं होतं, आता त्या कुठल्या बोलण्याबद्दल विचारतायत तेच कळेना. मी विचार करेपर्यंत विषय पुढे गेला आणि मी विसरलो असाच सगळ्यांचा समज झाला.

विचारायला गेलं तर "एवढंही विचारायचं का, डोकं वापर की", आणि डोकं वापरून केलं तर "एकदा विचारायला काय झालं होतं". त्यात मूड. सकाळी छान बोलल्या आणि दुपारी तुटक उत्तर आलं की मी मधल्या वेळात माझ्या हातून काय घडलं ते शोधत बसतो, काम बाजूलाच राहतं. बाकीचे म्हणतात त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळतं आज विचारायचं की नाही. मला नाही कळत.

बोलणं झालं की "आज ठरल्याप्रमाणे" असा मेल टाकायचो. एकदा म्हणाल्या, "पुरावे गोळा करतोयस का रे माझ्याविरुद्ध?" हसत म्हणाल्या. ती गंमत होती की नव्हती हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तेव्हापासून मेल बंद. नोकरी सोडायची नाहीये. उपाय सांगा, फक्त "एकदा मोकळेपणाने बोलून टाक" हा सोडून.

निवांत७:
सगळ्यांचेच सिनियर असे असतात हो. या कानाने ऐकायचं त्या कानाने सोडायचं. मनाला लावून घेऊ नका.

घुबड:
@निवांत७ तसं सोडता आलं असतं तर त्याने धागा कशाला काढला असता? आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ऐकलेली सूचना ही सूचना म्हणूनच आत जाते, दुसरी आली की पहिली आपोआप पुसली जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी भांडत बसतात. आणि तोंडी बोलणं ऐकणं, समोरच्याकडे बघणं, चेहरा नीट ठेवणं हे सगळं एकदम करायचं म्हणजे ऐकण्यासाठी डोकं उरतंच किती.

कागद, मीही ऑटिस्टिक, मीही असा माणूस झेललाय. पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या वागण्यामागचा नियम शोधणं बंद कर. आपल्याला वाटतं अजून थोडं निरीक्षण केलं की पॅटर्न सापडेल, पण कित्येकदा पॅटर्न नसतोच, त्यांच्या वरच्या माणसाने काल काहीतरी वेगळं मागितलेलं असतं इतकंच. तू तुझी सगळी शक्ती तिथे घालवतोयस.

दुसरं, मेल टोचतो कारण तो माणसाच्या नावाने जातो. त्याऐवजी रिपोर्टच्या फाईलमध्येच एक शीट टाक, नाव दे "ठरलेलं". तारीख, काय ठरलं, आधी काय होतं, बस एवढेच कॉलम. कोण म्हणालं हा कॉलम मुद्दाम ठेवायचा नाही. "उपबेरीज नको, आधी हवी होती." परत बदललं तर खाली नवी ओळ, जुनी खोडायची नाही. मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर तुला आठवायची किंवा वाद घालायची गरजच नाही, शीट उघडायची. फाईल सगळ्यांची असते त्यामुळे पुराव्याचा वास येत नाही.

आणि मोकळा प्रश्न विचारू नकोस. "उपबेरजांचं काय करू?" याला रोज नवं उत्तर मिळणार. "उपबेरजा ठेवून चारला पाठवतोय, नको असतील तर त्याआधी सांगा" असं लिही. उत्तर नाही आलं तरी तुझं काम अडत नाही.

शेपटीवर_पाय:
थोडं अवांतर. उपबेरजा हाताने घालत असाल तर एक्सेलमध्ये डेटा टॅबवर सबटोटल आहे ते वापरा. त्याच खिडकीत रिमूव्ह ऑल बटण आहे, एका क्लिकमध्ये सगळ्या निघतात. मॅडमचं मन बदललं तरी निदान हात दुखणार नाहीत.

जुनी_खुर्ची:
मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे मीच कोणाचीतरी सिनियर मॅडम आहे, तेव्हा शिव्या बेताने द्या :)

एक सांगते. माझ्यासारखी बरीच माणसं बोलता बोलता विचार करतात. मी "इथे बेरीज घातली तर?" म्हणते तेव्हा तो अर्धवट विचार असतो, समोरचा तो आदेश समजून करूनही टाकतो आणि मला खरंच आठवत नाही मी तसं म्हणाले होते. एका ज्युनियरने मला सरळ विचारलं होतं, "हे ठरलं म्हणून लिहून घेऊ, की तुम्ही अजून विचार करताय?" मला तो प्रश्न अजिबात उद्धट वाटला नाही, उलट मीच थांबून विचार केला. तुम्हीही प्रत्येक वेळी याच शब्दात विचारून बघा, तेच ते वाक्य असलं की तुम्हालाही सोपं जाईल.

पुराव्यांबद्दलचं वाक्य माझ्या मते अर्धं खरं होतं. आपण विसरतो हे ज्याला आतून माहीत असतं त्याला लेखी गोष्टीची धास्ती वाटते. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मान्य, पण "तुम्ही म्हणालात" ने सुरू होणारा मेल वाचला की मीसुद्धा सावरून बसते.

घुबड:
@जुनी_खुर्ची, बाकी पटलं, पण मॅनेजरसमोर जे झालं ते विसरण्यात बसत नाही माझ्या मते. कागद, एवढं बघून ठेव की मॅडमचं म्हणणं कुठल्याही दिशेला बदलतं, की प्रत्येक वेळी असंच बदलतं की दोष तुझ्यावर येईल. विसरभोळा माणूस कधीकधी स्वतःच्या तोट्याचंही विसरतो. बदल नेहमी त्यांच्याच सोयीचा होत असेल तर प्रकार वेगळा आहे आणि तिथे शीट पुरणार नाही, मॅनेजरकडे जावं लागेल. जाताना त्या कशा वागतात हे सांगत बसू नकोस, तेच काम किती वेळा परत करावं लागलं ते सांग. स्वभावाच्या तक्रारीवर मॅनेजर हात झटकतात, फुकट गेलेल्या तासांवर नाही झटकता येत.

आडवी_रेघ:
एचआरला माहीत आहे म्हणताय तर त्याचा उपयोग करून घ्या की. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, त्यात रीझनेबल अकोमोडेशन, म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे कामाच्या पद्धतीत केलेले वाजवी बदल, नाकारणं हा भेदभावच धरलाय. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तुमच्या इथे काय लागू होतं ते बघा. पण मागणी अगदी छोटी असू शकते: सूचना लेखी मिळाव्यात, आणि दोन सूचना आपसात जुळल्या नाहीत तर शेवटचा शब्द कोणाचा हे एकदा ठरवून द्यावं. खर्च शून्य. मॅडमना तुमचं निदान सांगायची गरज नाही, तो निर्णय पूर्ण तुमचा. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही म्हणून घाई करू नका.

आणखी एक. डेमियन मिल्टन नावाचे अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये "डबल एम्पथी प्रॉब्लेम" मांडला. ढोबळ अर्थ असा की ऑटिस्टिक माणसाला समोरचा कळत नाही तसा समोरच्यालाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही, उणीव एकाच बाजूची नसते. वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण ऑफिसात दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसतं हेही खरं, गैरसमज दोघांचा आणि रात्री जागून रिपोर्ट परत करणार फक्त ज्युनियर. त्यामुळे सगळी जुळवाजुळव तुम्हीच करायची असं कृपया धरून चालू नका.

कोरडा_कागद:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. "ठरलेलं" शीट टाकली. पहिल्यांदा मॅडमनी "हे काय नवीन" विचारलं, मी म्हटलं माझ्या लक्षात राहावं म्हणून, त्यावर काही बोलल्या नाहीत. काल त्यांनी स्वतःच त्यात एक ओळ लिहिली, तारखा कशा लिहायच्या त्याबद्दल. आज ती परत बदलली, पण खाली नवी ओळ टाकून बदलली!! जुनी_खुर्ची, तुमचं वाक्य विचारलं. "अजून विचार करतेय" असं उत्तर आलं, मग मी कामाला हातच लावला नाही आणि ते बरोबर निघालं. बदल कुठल्या दिशेला होतात ते आता बघतोय, इतक्यात सांगता येणार नाही. एचआरला लेखी सूचनांबद्दल विचारणार आहे.

मूडचं मात्र तसंच आहे. तुटक उत्तर आलं की संध्याकाळपर्यंत डोक्यात तेच फिरतं, घरी गेल्यावर बोलायचीही ताकद नसते.

घुबड:
मूडवर माझ्याकडे पक्का इलाज नाही, खोटं कशाला बोलू. मी एवढंच करतो की तुटक उत्तरातून कामाचं काय निघालं ते बघतो. "हो", "नको", "उद्या". तेवढं शीटमध्ये जातं, बाकीचं वाचायचं नाही. डोकं तरी फिरायचं ते फिरतंच, पण काम थांबत नाही. आणि अशा मीटिंगनंतर लगेच दुसऱ्या माणसाशी बोलायचं काम घेत नाही, आधी थोडा वेळ आकडे.

जुनी_खुर्ची:
विचारायची वेळच ठरवून घ्या ना. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, सगळे प्रश्न एकत्र. मग आज विचारू की नको हे चेहऱ्यावरून ओळखायची भानगडच राहत नाही.

कोरडा_कागद:
हे आवडलं. पण ते मॅडमशी बोलू की आधी मॅनेजरशी?

जुनी_खुर्ची:
मॅडमशीच. वरून आलं तर त्यांना परत पुरावे दिसतील. म्हणा, "सारखं येऊन तुम्हाला डिस्टर्ब करण्यापेक्षा रोज साडेतीनला दहा मिनिटं मिळतील का?" मला कोणी असं विचारलं तर मी त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकेन.