मदत हवी आहे : ‘ट्रेनी’ की शिकाऊ उमेदवार?

नमस्कार. डिचोलीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केला असून, गेले चार महिने तो पहाटेची बस पकडून वेर्ण्याच्या एका कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून जातो. हातात मात्र एका पानाचे पत्र, त्यावर नोंदणी क्रमांक नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार करार नोंदवावा लागतो, आणि त्याशिवाय राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. मुलगा मन लावून शिकतो, मायक्रोमीटरसुद्धा स्वतःच्या रुमालाने पुसून ठेवतो. त्याचे वर्ष वाया जाऊ नये, ही माझी तळमळ आहे. उलटलेले महिने करारात धरले जातात का, आणि व्यवस्थापनाला न दुखावता अर्ज कसा लिहावा? गोव्यातील अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.