घरी किडनी बदललेले सासरे आणि हॉस्पिटल म्हणतंय कांजिण्यांची लस घ्या. काय करू?

होटगीरोड_सून

मी सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) तपासणी तोंडावर आलीय, म्हणून एचआरने स्टाफसाठी लसींची यादी लावलीय: हिपॅटायटिस बी, टायफॉइड, फ्लू, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची), कांजिण्या. नोंद नसेल त्याने वॉर्डात रक्त घ्यायला जायचं नाही, काउंटरवर बसायचं. म्हणजे नाइटचा भत्ता गेला.

अडचण घरची आहे. सासऱ्यांची किडनी बदललीय, सासूबाईंनीच दिली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट, घड्याळ लावून चालू. डिस्चार्जच्या वेळी नेफ्रॉलॉजिस्टनी फाइलवर लाल पेनाने लिहिलं, 'जिवंत लस देऊ नये'. सासूबाईंनी ती ओळ अशी धरलीय की आता घरात कुणीच काही टोचून घ्यायचं नाही. 'तू टोचून येशील आणि ताप ह्यांना चढेल,' म्हणतात. ज्या बाईने नवऱ्याला किडनी दिली तिच्यापुढे मी काय वाद घालणार?

बाकीच्यांचं कळतं, पण एमएमआर आणि कांजिण्या दोन्ही जिवंत, म्हणजे कमजोर केलेला जिवंत विषाणू असलेल्या. दोन खोल्या, एक बाथरूम, आणि माझा साडेतीन वर्षांचा पोरगा दिवसभर आजोबांच्या मांडीवर. एचआर म्हणतं डॉक्टरांचं लेटर आणा. कुणाच्या डॉक्टरांचं, ते सांगत नाही. सासऱ्यांच्या लेटरवर मला सूट मिळते का?

कडकभाकरी

ताई, कशाला एवढं टेन्शन घ्यायलाय? घेतली म्हणून सही-शिक्का आणायचा, विषय संपला. देणारे काय कमी हायत का गावात.

सातरस्ता

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. लॅबवालीला सुई कधीही टोचू शकते. पेशंट हिपॅटायटिस बीचा निघाला तर डॉक्टर तुमचीच नोंद बघून ठरवणार, इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) द्यायचं की नाही. कागद म्हणतो लस पूर्ण आणि अंगात काहीच नाही, मग? या लसीचे तिन्ही डोस (पहिला, महिन्याने, सहा महिन्यांनी) झाले की एक-दोन महिन्यांत टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी) बघा. १० किंवा त्याहून जास्त आला तर निर्धास्त.

आता मूळ मुद्दा. मी डायलिसिसला सिस्टर आहे, हा घोळ कायम बघते. फाइलवरची ओळ सासऱ्यांच्या दंडासाठी आहे, तुमच्या नाही. त्यांना जिवंत लस चालत नाही म्हणूनच आजूबाजूच्यांनी घ्यायची, कारण खऱ्या कांजिण्या घरात शिरल्या तर गोळ्यांनी दबलेल्या माणसाचे फार हाल होतात. एमएमआर घेतलेल्याकडून लसीचा विषाणू घरच्यांना लागत नाही. कांजिण्यांच्या लसीत एकच काळजी: नंतर अंगावर पुरळ उठलं तर खपली धरेपर्यंत सासऱ्यांपासून लांब राहायचं. तेव्हा माहेरी जा, नाहीतर निदान पुरळ झाकून वेगळं झोपा. पुरळ नसेल तर लागण होत नाही म्हटलं तरी चालेल. फ्लूची मात्र इंजेक्शनवालीच घ्या, नाकातली नको. टायफॉइडचं इंजेक्शनही जिवंत नसतं.

त्याआधी आईला फोन लावा. लहानपणी कांजिण्या येऊन कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलं असेल तर ही लस लागणारच नाही. तुमच्याच लॅबमध्ये व्हेरिसेला आयजीजी (कांजिण्यांविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) करून रिपोर्ट एचआरला द्या.

आणि तुम्ही विचारलंच नाही ते सांगते. घरात जपायचं ते पोराच्या पोलिओ डोसला. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे शीमधून पडत राहतो. एकच बाथरूम आणि आजोबांची मांडी म्हटल्यावर पुढच्या पल्स पोलिओआधी बालरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगा. इंजेक्शनची पोलिओ लस असते, ती जिवंत नाही. स्वतःच्या मनाने डोस चुकवू नका. आणि पोराला धुवून आलेला हात साबणाशिवाय आजोबांच्या ताटाला लागता कामा नये.

काळाकोट

लेटरचं सांगतो. सूट मागायची तर कारण तुमच्या शरीरातलं लागतं: ॲलर्जी, गरोदरपण, तुमचीच प्रतिकारशक्ती दबलेली असणं. सासऱ्यांचा कागद तुमच्या नावावर चालेल असं मला वाटत नाही. लोक जेकब पुलियेल खटल्याचा निकाल दाखवतात, २ मे २०२२ चा. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं की लस घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, राज्यघटनेचा अनुच्छेद २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आड येतो. पण त्याच निकालात सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालायची मुभाही आहे, आणि विषय कोव्हिडचा होता. तुम्हाला कुणी धरून टोचत नाहीये, काम बदलून देतायत. भांडायचंच असेल तर भत्त्यावर भांडा: लसीचा खर्च कोण करणार आणि डोस पूर्ण होईपर्यंत भत्ता का कापणार, हे लेखी विचारा. माझ्या मते तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

होटगीरोड_सून

पोलिओचं डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणते कांजिण्या मला नाही, दादाला आल्या होत्या, तरी आयजीजी करून घेते. सासऱ्यांच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेते. माझ्या तोंडून ऐकणार नाहीत, त्यांच्याकडून ऐकतील. कडकभाकरी, तुम्हीही लस घ्या हो एखादी.

सातरस्ता

एक राहिलं. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी दोन दंडांवर घेता येतात. तसं जमलं नाही तर मध्ये चार आठवडे जाऊ द्या. दोन्हींचे दोन-दोन डोस असतात. आणि दुसऱ्या बाळाचा विचार चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर महिनाभर थांबा, हे एचआरच्या यादीत नसतं.