मदत हवी आहे : क्रीडा प्रमाणपत्र पडताळणीबद्दल
टी.वाय.बी.ए.ला आहे, खो-खो खेळतो. बारावीत राज्य शालेय स्पर्धेत सांघिक कांस्य मिळालं. आंतरविद्यापीठ दोनदा खेळलो, पदक नाही. सरकारी भरतीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणातून गट-कसाठी (लिपिक वगैरे पदं) प्रयत्न करायचाय. (पोलीस भरती सुचवू नका, उंची १६३ आहे, १६५ लागते.) जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात दोनदा जाऊन आलो, पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते, एवढंच हाती लागलं. बी.पी.एड.ची (शारीरिक शिक्षणाची पदवी) सीईटी देणारच आहे. पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा (क्रीडा प्रशिक्षकाचा) मनात आहे, पण वर्षभर बाहेर राहणं घरच्यांना झेपणार नाही.

शालेय पदकावर गट-कसाठी पडताळणी कुणी करून घेतलीय का? प्रमाणपत्राशिवाय कोणती कागदपत्रं मागितली, आणि पडताळणीचा अहवाल हातात यायला किती दिवस लागले?